उतारावरची शांतता

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो गणिताच्या चव्हाण सरांमुळे. शाळा तालुक्याला होती आणि सर मला रोज आपल्या स्कूटरवर मागे बसवून न्यायचे. पेट्रोल वाचावं म्हणून टेकडीच्या उतारावर ते इंजिन बंद करायचे. एकदम शांत व्हायचं. मग मान न वळवता सर विचारायचे, "बोल रे, काल काय अडलं?"

मागच्या महिन्यात मी पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी महागडी हायब्रिड एसयूव्ही घेतली. त्याआधी ही आणि आणखी एक, अशा दोन गाड्या आलटून पालटून चालवून पाहिल्या, पण मन कशातच नव्हतं. त्यातल्या दुसऱ्या मॉडेलची गाडी शेजारच्या परांजप्यांकडे आहे. पार्किंगमध्ये भेटले की ते म्हणतात, "तुमची गाडी इंजिन सुरू होताना जरा हादरते हो. आमची कळूसुद्धा देत नाही."

"असेल," मी म्हणतो. मला वाईट वाटत नाही. पेढे वाटताना आनंदही झाला नव्हता.

काल ऑफिसातून येताना उड्डाणपुलाच्या उतारावर मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. इंजिन आपोआप बंद झालं, पडद्यावरचा हिरवा बाण बॅटरीकडे वळला. आत इतकं शांत झालं की मी वाट पाहत राहिलो. पूल संपला, सिग्नल लागला, कोणी काही विचारलं नाही.

घरी येऊन पत्र लिहिलं आणि आज सकाळी टाकलं :

"सर, साष्टांग नमस्कार. गाडी घेतली आहे. उतारावर ती आपल्या स्कूटरसारखीच बंद होते. रविवारी न्यायला येतो. या वेळी शेजारी बसा. काय अडलंय ते माझं मला सांगता येत नाही. तुम्ही विचारून बघा."