सातवी खुंटी

आमच्या मालकांना धारूरात शिवलिंगप्पा बंदूकवाले म्हनायचे. बंदूकवाले! माणूस कोंबडीला भ्यायचा. पण रानडुकरं हाकायला ठासणीची बंदूक करावी तर त्यांनीच. परवाना होता, सासऱ्यांपासूनचं नाव होतं.

बहात्तरच्या दुष्काळात सात सोसायट्यांनी धान्याच्या गोदामांसाठी सात बंदुका सांगितल्या. चाप ओढला की जो घोडा आपटतो ना, तो लाल तापवून गार पाण्यात बुडवावा लागतो, तवा घोडा अडवून धरणारी त्याची खाच टणक होती. टँकर आठ दिवसाला यायचा. त्या दिवशी एकाच घागरीच्या पाण्यात सातही घोडे बुडाले. शेवटी शेवटी पाणी एवढं कढत झालं की हात घालवंना.

दोन महिन्यांनी त्यातली एक बंदूक कोपऱ्यात उभी असताना आपसूक उडाली. भिंतीला भगदाड पडलं, माणूस थोडक्यात वाचला. मालकांनी खाचेवर कानस फिरवली, तर ती गुळासारखी झिजली.

"शिवकांता, सातही परत बोलवायच्या."

"आवो, येड लागलं का? गपचूप एकेक दुरुस्त करा की!"

ऐकतील तर शपथ! भर बाजारात डफ वाजवून सांगितलं, "माझा माल खोटा हाय. घेऊन या, पैसे परत देतो." मग काय, सासऱ्यांच्या हातच्या चांगल्या बंदुकाबी लोकांनी आणून आदळल्या. नवी कोण सांगंना. माझ्या पाटल्या गेल्या, भट्टी थंड पडली. लई भांडले मी त्यांच्याशी.

सातापैकी सहा आल्या. कोणती खाच किती टिकती ते बघायला मालकांनी घोडे चढवून रिकाम्या बंदुका खुंट्यांवर टांगल्या. दुकानात चिटपाखरू न्हाई, आन् भर दुपारी खट्! दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला दुसरी, खट्! मी लाटणं टाकून पळायचे. रोज एक, रोज तीच वेळ. हे काय खाच झिजल्यानं होतं व्हय?

सातवी डोंगराखालच्या गोदामावर होती, हरिबा राखणदाराकडं. मालक दोनदा जाऊन आलते. सुंदरराव चेअरमन म्हनले, "अप्पा, गोदामावर बंदूक न्हाई हे कळलं तर उद्या दारं तरी राहतील का? दसऱ्यानंतर बघू." हरिबाला नळीवर हनुवटी टेकून बसायची खोड. मालकांनी त्याला हात जोडले. तो हसला, "लई भ्येता अप्पा तुमी!"

सहाव्या दिवशी सहावी वाजली. सातव्या दिवशी मी मुद्दाम दुकानाच्या उंबऱ्यात बसले, म्हनलं आता वाजायला राहिलंच काय? दुपार झाली. मालक पाणी पीत होते. रिकाम्या सातव्या खुंटीवरून आवाज आला.

खट्.

मालकांच्या हातातला तांब्या खाली पडला. "गेला," एवढंच म्हनले, आन् बसस्टँडकडं पळत सुटले. हरिबा भर दुपारी गेलता, डुलकी लागली असताना.

पंचनाम्याचं सगळं उरकल्यावर महिन्यानं त्याची बायको भिवराबाई ती बंदूक फडक्यात गुंडाळून चालत आली. "सगळ्या परत मागितल्या होत्या म्हनं. ही राहिली होती." तिनं ती स्वतःच सातव्या खुंटीला टांगली. मग विचारलं, "अप्पा, हे कावून झालं हो?"

"पाणी कमी पडलं, बाई. चूक माझी."

मी तिथंच उभी होते. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुदिक न्हाई.

घोडे बुडवले त्या दिवशी त्यांनी दोनदा हाक मारून दुसरी घागर मागितली होती. मी म्हनले, घरात थेंब न्हाई. घागर चुलीमागं होती, पोत्याखाली झाकलेली, गळ्यापर्यंत भरलेली. आन् मालकांना ते ठावं होतं. संध्याकाळी त्याच घागरीतलं पाणी मी त्यांना प्यायला दिलतं.

पुढं मालक वीस वर्षं जगले, त्या घागरीबद्दल एका शब्दानं बोलले न्हाईत. शिव्या तरी द्यायच्या होत्या!

दुपारी ती खुंटी अजून वाजती. मी रोज सकाळी एक घागर भरून तिच्याखाली ठेवते.