धैर्यशीलचा हंगामी कारभार

धैर्यशील नोकरी करायचा कुवेतच्या एका बँकेत, पण जीव अडकलेला १९१७ च्या रशियात. झार गेल्यावर हंगामी सरकारात आलेले तिथले उदारमतवादी वकील-प्राध्यापक हा त्याचा लाडका विषय, आणि लाडका रागही. "चांगली माणसं हो! पण निवडणुकीचा कायदा निर्दोष करायच्या नादात निवडणूकच लांबवत बसली. तोवर बोल्शेविकांनी सत्ता खिशात घातली," हे तो लिफ्टमध्येसुद्धा ऐकवी. अबू हलीफातल्या त्याच्या इमारतीत जिन्याने जाणारे वाढले होते, ते काही व्यायामाच्या हौसेने नव्हे.

ऐन जुलैत इमारतीचा सेंट्रल एसी बंद पडला. साताऱ्याहून आलेली त्याची आई ओला पंचा डोक्यावर घेऊन बाथरूमच्या दारात बसून राही. तिला धाप लागे. धैर्यशील तिचा पंचा पुन्हापुन्हा भिजवून देई. शिकलेला माणूस म्हणून भाडेकरूंनी त्यालाच पुढे केलं आणि त्याने ताबडतोब समिती नेमली. इमारतीच्या मालकाला द्यायच्या अर्जात 'विनंती' लिहावी की 'मागणी', यावर बैठका झाल्या. अरबी भाषांतरासाठी उपसमिती झाली.

वरच्या मजल्यावरची रत्नागिरीची सुगरा एकदा वैतागून म्हणाली, "भाऊ, तुमचा कागद होवस्तोवर आमचा लोणचा होईल. मालकाला जाऊन सांगूया ना सरळ!"

"भाभी, मालक भेटतात ते दिवाणियात. ती पुरुषांची बैठक. रीत असते काही."

शुक्रवारी संध्याकाळी त्याने सगळ्यांना घरी बोलावलं. घ्यायच्या होत्या फक्त सह्या, पण इतकी माणसं समोर बसलेली पाहून त्याला राहवेना. घाम पुसत त्याने रशिया सुरू केला. बायका एकेक करून उठून गेल्या, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. पुरुष बसून राहिले, जणू उठायलाही ठराव लागतो.

सुगरा, धैर्यशीलची बायको देवयानी आणि दोघींच्या मधे आई, अशी वरात टॅक्सीने थेट फिंतासला, मालकाच्या दिवाणियात पोचली. पुरुषमंडळी चपापली, पण दारी आलेल्या पाहुण्याला कॉफी न पाजता परत पाठवणं त्यांच्या रीतीत बसत नाही. आई कोचावर ऐसपैस बसली. कॉफी प्याली, खजूर खाल्ले, आणि म्हणाली, "हितं लई गार हाय. तिकडचं नीट हुईस्तोवर मी हितंच ऱ्हाते." सुगराने मोडक्या अरबीत ते तिखटमीठ लावून सांगितलं. आता म्हातारीला ऊठ कसं म्हणायचं? मालकाने मुकाट्याने फोन उचलला आणि मेकॅनिक इमारतीच्या गच्चीवर धावला.

इकडे धैर्यशील हंगामी सरकारच्या शेवटच्या रात्रीपर्यंत, झारच्या राजवाड्यापर्यंत आला होता. "पकडायला माणसं दारात आली," तो गरजला, "आणि मंत्री तेव्हाही बैठकीतच!"

तेवढ्यात छताच्या जाळीतून गार वारा आला.

थोड्या वेळाने बायका परतल्या. सगळी हकीकत ऐकून धैर्यशीलला हायसं वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली. हातातला अर्ज त्याने हळूच घडी करून खिशात ठेवला.

आईने जाळीखाली खुर्ची ओढली, पदर सारखा केला आणि अगदी मनापासून विचारलं, "का रं, तुझ्या त्या रशियातल्या मंडळींना आया नव्हत्या व्हय?"