दोन काठांवरची शीळ

दरीतल्या ओढ्याकाठी पहाटे हौशी लोकांना पक्षी दाखवत हिंडायचे, हा वाटाड्याचा पोटापाण्याचा धंदा. तो त्याला सासऱ्याकडून मिळाला. म्हातारा म्हणे, "मुलगी दिली, शीळ दिली, आता आणखी काही मागू नका."

शीळ वटवट्याची. पिवळ्या भुवईचा, मुठीत मावेल एवढा पक्षी. वसंतात उत्तरेकडे जाताना तो या दरीत उतरायचा. नाव वटवट्या, पण बोलणे दोन सुरांत आटपायचे. तशी शीळ घातली की झुडपातून हमखास उत्तर यायचे.

यंदा अर्धा वसंत सरला तरी उत्तर नव्हते. बायको रोज दार उघडताच विचारायची, "आला का हो?" वाटाड्या मान हलवून बूट काढायला वाकायचा. तिच्या वडिलांच्या हयातीत असे कधी झाले नव्हते. शेवटी एका पहाटे पलीकडच्या काठावरून ते दोन सूर ऐकू आले. घरी येऊन तो म्हणाला, "आला गं." त्या दिवशी जेवताना ती उगाचच हसत होती.

दुसऱ्या दिवशी मंडळींना घेऊन तो थेट तिकडेच निघाला. फळीवरून ओढा ओलांडला. शीळ घातली. उत्तर आले. पुन्हा शीळ, पुन्हा उत्तर, आता अगदी जवळून. दुर्बिणी वर झाल्या. त्याने हलकेच फांदी बाजूला केली. समोर मेहुणा उभा होता, ओठांचा चंबू तसाच. त्याच्यामागे त्याची मंडळी, दुर्बिणी वाटाड्यावर रोखून.

म्हाताऱ्याने मुलालाही तीच शीळ शिकवली होती.

"वटवट्या बराच थोराड निघाला," कोणीतरी म्हणाले. दोन्हीकडची माणसे पोट धरून हसली. या दोघांना मात्र हसू आले नाही.

मंडळी खाली गेल्यावर मेहुणा म्हणाला, "दाजी, मला वाटलं, आला."

"काल तरी होता. याच काठावर."

मेहुणा बुटाने खडा उकरत राहिला. "काल मीच होतो. समोरून उत्तर आलं म्हणून ताईला फोनसुद्धा केला."

"तरीच ती एवढी खूश होती. आता तिला सांगणार कोण?"

"बायको तुमची."

"बहीण तुझी."

फळीकडे वळता वळता वाटाड्या म्हणाला, "उद्यापासून दोघांनीही शीळ घालायची नाही. मग जे ऐकू येईल ते त्याचंच."

घरी त्याने बूट काढता काढता सगळे सांगून टाकले. तिने ऐकून घेतले आणि ती आत गेली. पुढे तिने विचारणेच सोडले.

उरलेला वसंत दोघे आपापल्या काठावर तोंड मिटून उभे राहिले. मंडळी कंटाळून कुजबुजू लागत. एकदा एका बाईंनी विचारले, "काका, तुम्हाला काही ऐकू येतंय का?"

त्याने बराच वेळ कान दिला.

"ओढा," तो म्हणाला.