शेळ्यांमागून आलेला निबंध

सज्जनहो, जिच्या ओठांवर नाम आणि जिच्या बोटांखाली लेकरांची अक्षरे, अशा एका बाईंची ही कथा. प्रेमाने सांगतो, प्रेमाने ऐकावी.

सास्तूरच्या एका शाळेत अयोध्याबाई नववीला मराठी शिकवतात. दर शनिवारी त्या ऑनलाइन वर्गात एक विषय टाकतात. मुलांनी दहा ओळी लिहून संध्याकाळी सहाच्या आत पाठवायच्या. रविवारी सकाळी पूजा आटोपली की बाई ओट्यावर बसून फोन उघडतात आणि तपासायला लागतात. प्रत्येक लेखन उघडण्याआधी हात जोडतात. लेकराने लिहिले म्हणजे तिथे देव येऊन गेला असणार, एवढी त्यांची श्रद्धा. पण श्रद्धा जितकी कोमल, नियम तितका कठोर. उशिरा आले, शून्य. दुसऱ्याने लिहून दिले, शून्य. आणि तीन शून्ये झाली की स्नेहसंमेलनात व्यासपीठावरून आपले लेखन वाचण्याची संधी गेली.

प्रतीक्षाची दोन शून्ये झाली होती. वर्गात तिच्याइतके गोड कुणी वाचत नाही, आणि व्यासपीठाची ओढही तिच्याइतकी कुणाला नाही. तरी दोन शनिवार तिचे लेखन उशिरा आले. बाईंनी कारण विचारले तर मान खाली.

त्या आठवड्याचा विषय होता, ‘मी मोठेपणी कोण होणार’. रविवारी फोन उघडला तर वेळेत आलेल्यांत प्रतीक्षाचे नाव सर्वांत वर. बाईंना हर्ष मावेना. तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या पतीला, भागवतरावांना, त्या मोठ्याने वाचून दाखवू लागल्या. ना पूर्णविराम, ना स्वल्पविराम. ओढ्यासारखा धावणारा मजकूर:

‘मी मोठी झाल्यावर नर्स होणार मी गोरगरिबांची सेवा करणार ए बांडे फिर माघारी मी पांढरे कपडे घालणार लोकाच्या हरभऱ्यात तोंड घातलंस तर बघ सर्व लोक मला नमस्कार करणार हाड हाड कुठं चढली ही’

भागवतरावांच्या मांडीवरचे सूप कलंडले. म्हणाले, “ही बांडी पेशंट दिसते. पळून चाललीय.”

बाई हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, चष्मा पुसून पुन्हा वाचू लागल्या, आणि शेवटच्या ओळीवर थांबल्या: ‘माझ्या बापाला माझं लई कौतुक हाय पर त्याला तोंडावर बोलता येत न्हाय’.

हे लेकीने लिहिलेले नव्हते. प्रतीक्षाचे वडील वैजनाथ शेळ्या राखतात. माइकचे बटण दाबून रानातच ते फोनशी बोलले होते. फोनने त्यांचे बोलणेही टिपले आणि बांड्या शेळीला हाकणेही. म्हणजे दुसऱ्याने लिहून दिलेले. म्हणजे तिसरे शून्य. गुणांच्या चौकटीवर बाईंचे बोट अधांतरी राहिले.

त्यांनी वैजनाथांना फोन लावला. वैजनाथांनी काहीच लपवले नाही.

“म्याच बोललो, बाई. फोनवर पोरीची दोन शून्यं दिसली. पोरीला ठावं बी न्हाय. शून्य द्यायचं तर मला द्या.”

मग हळूहळू सगळे कळले. घरात फोन एकच. शेळ्यांचे गिऱ्हाईक कधीही फोन करते, म्हणून तो वैजनाथांबरोबर रानात जातो आणि दिवेलागणीला त्यांच्याबरोबरच घरी येतो. सहा वाजता फोन टेकडीवर, लेक अंगणात. आणि कारण सांगितले तर बापाला बोल लागेल, म्हणून लेकीने दोन शून्ये निमूट सोसली.

अयोध्याबाईंनी फोन ठेवला. सहाची वेळ काही देवाने घातली नव्हती. ती त्यांनी स्वतःच्या सोयीने घातली होती. त्यांनी मुदत रविवार दुपारपर्यंत नेली, उशिराची दोन्ही शून्ये पुसली आणि प्रतीक्षाला त्याच विषयावर पुन्हा लिहायला सांगितले. आधीचे लेखन परत पाठवताना खाली शेरा लिहिला: ‘वैजनाथदादा, तुम्हाला दहापैकी सात. तीन गुण शेळ्यांनी खाल्ले.’

त्या संध्याकाळी प्रतीक्षाने बापाचे बोलणे वाचले. शेवटची ओळ दोनदा वाचली. फोन घेऊन लिहायला बसली.

आणि संमेलनात, साऱ्या गावासमोर, तिने खणखणीत आवाजात वाचले की नर्स होण्याचा तिचा मुळीच विचार नाही. ती एसटी चालवणार. पहिल्या फेरीला बापाला अगदी पुढच्या सीटवर बसवणार, आणि सगळ्या प्रवाशांना ऐकू जाईल असे त्याने तिचे कौतुक करायचे. शेळ्या आल्या तर त्यांना पूर्ण तिकीट. मंडप हसून हसून लोटपोट झाला. मागे खांबाला टेकलेल्या वैजनाथांनी पटक्याच्या टोकाने तोंड झाकले. ते हसत होते की रडत, हे शेजाऱ्यालाही कळले नाही.

पुढच्या शनिवारी, दुपारी तीन वाजता, प्रतीक्षाच्या नावाने बाईंच्या फोनवर एक लेखन आले:

‘बाई ह्यो निबंध पोरीचा न्हाय माजाच हाय ती तिचा रातच्याला लिवणार हाय या बारीला म्या लांब झाडाखाली बसलोय आता दहापैकी दहा पायजेत ए बांडे’