तिसऱ्या रांगेतली अक्का

जळगाव सोडताना श्रीकांतने जाहीर केलं, की आता धुळ्यापर्यंत कुठेही थांबायचं नाही. माझ्या नवऱ्याने असं काही जाहीर केलं की गाडी हमखास उलटं करते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं रत्नागिरीहून खानदेश बघायला आलो होतो. जळगावचा सराफ बाजार नुसताच बघून झाला होता. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची) मी दोन्ही वेळा खाल्ली होती आणि तिसऱ्यांदाही खाल्ली असती. पारोळ्याच्या अलीकडे क्लच गेला.

पारोळ्यातल्या गॅरेजवाल्याने गाडीखाली डोकं घातलं आणि तसंच आतून सांगितलं, "आते काही व्हवाव नही, भाऊ. बठ्ठं खोलनं पडी. सकाय या." (आता काही होणार नाही, सगळं खोलावं लागेल, उद्या सकाळी या.)

श्रीकांतने माझ्याकडे असं पाहिलं, जणू क्लच मीच खाल्ला होता. मग आम्ही लॉजवर बॅगा टाकल्या आणि किल्ला बघितला. खंदकात पाणी कमी आणि कचरा जास्त होता, आणि बुरुजाच्या सावलीत म्हशी आमच्यापेक्षा निवांत बसल्या होत्या. परतताना एका मंगल कार्यालयावर कापडी फलक दिसला. 'हास्य आणि जादू. पोट धरून हसा.' तिकीट शेवभाजीच्या एका ताटापेक्षा स्वस्त होतं. "एवढ्या स्वस्तात काय जादू असणार?" असं म्हणत श्रीकांतनेच दोन तिकिटं काढली.

दारात जादूगार स्वतः उभा होता. सलीमभाई नाव. साठीचा, अर्ध्या तोंडाला पावडर लावलेली, अर्धं अजून तसंच. त्याने माझ्याकडे बघून हात जोडले.

"ताई, एक मेहेरबानी करा. तिसऱ्या रांगेत माझी बायको बसली आहे. तिच्या उजवीकडे बसाल? ती त्या बाजूला कलते."

मी हो म्हटलं, पण काय झालंय ते विचारलं. तेव्हा त्याने मला त्याच्या खेळाचं गुपितच सांगून टाकलं. जादू त्याची, पण हशा सगळा बायकोचा. तिचं नाव जैनब. गेली कित्येक वर्षं ती डोक्यावर पदर घेऊन, गावातलीच एखादी अक्का असल्यासारखी प्रेक्षकांत बसायची. तो स्टेजवरून प्रश्न टाकायचा आणि ती खालून अहिराणीत (इथल्या बोलीत) त्याची अब्रू काढायची. ती त्याची बायको आहे, हे कुणालाही कळायचं नाही. पावसाळ्यात तिला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

"मग तिच्या जागी दुसरी कुणी बसवायची," मी म्हटलं. माझं तोंड असंच आहे, डोक्याच्या आधी चालतं.

"तेच सगळे सांगतात. हॉलवाला तर म्हणाला, आजही लोक हसले नाहीत तर उद्यापासून हॉल नाही." तो पावडरचा डबा हातातल्या हातात फिरवत राहिला. "पण दुसरी बसवली तर ही मनाने संपेल, ताई. डॉक्टर म्हणाले, वाचा येऊ शकते. म्हणून मी रोज प्रश्न टाकून तिच्यासाठी थांबतो. येईल एखाद्या दिवशी."

जैनबबी खरंच एखाद्या शेतकऱ्याघरच्या बाईसारखी नटून बसली होती. हिरव्या बांगड्या, पदर कपाळापर्यंत ओढलेला. मी शेजारी बसले, तिचा निर्जीव उजवा हात माझ्या हातात घेतला. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डोळे अगदी जागे होते.

खेळ सुरू झाला. सलीमभाईने पितळी गडवा पालथा करून सगळं पाणी बादलीत ओतलं, दोरीची एक जादू केली, आणि परत तोच गडवा उचलला.

"काय अक्का, गडवा रिकामा शे का भरेल शे?" (रिकामा आहे की भरलेला?)

आणि तो थांबला. सभागृहात कुणीतरी खोकलं. माझ्या हातातली बोटं तशीच थंड होती, पण जैनबबीचा गळा हलत होता, ओठ एका बाजूला ओढले जात होते. एक घोगरा श्वास बाहेर आला, तो फक्त मला ऐकू आला. सलीमभाईने गडवा पालथा केला, त्यातून पुन्हा पाणी पडलं. जादू चांगली होती, पण हसायला कुणाला काही कारण नव्हतं.

प्रत्येक जादूनंतर हेच. तो प्रश्न टाकायचा, तिसऱ्या रांगेकडे बघायचा, थांबायचा. लोकांना वाटलं म्हातारा पाठांतर विसरला. पुढच्या खुर्च्या सरकू लागल्या. "चला रे, घर चला," असं एक जण मोठ्याने म्हणाला. मला इतका राग आला, की उठून त्यांना सगळं सांगावंसं वाटलं. पण सांगितलं असतं तर उरलीसुरली जादूही मेली असती.

सलीमभाईने पुन्हा गडवा उचलला. "काय अक्का, आते तरी सांग. रिकामा शे का भरेल शे?"

मागून एका तरुण बाईचा आवाज आला, खणखणीत. मांडीवर तान्हं पोर घेऊन बसली होती. "गडवा नही, भाऊ, तुना खेळच रिकामा शे!"

सभागृह फुटलं. निघालेली माणसं दारात थबकली. सलीमभाईचं तोंड उघडंच राहिलं, आणि मग इतक्या वर्षांच्या सवयीने त्याच्या जिभेवरून उत्तर सुटलं, "मंग अक्का, तू ये ना वर, तू भर!" पुन्हा हशा. तिने उलट टोला दिला, त्याने परत केला. खेळ धावू लागला. श्रीकांत डोळे पुसत होता. मीही हसले, जैनबबीचा हात हातात असताना हसले, त्याला माझा इलाज नव्हता. त्यानंतर सलीमभाईने तिसऱ्या रांगेकडे एकदाही पाहिलं नाही.

लोक गेल्यावर तो खाली आला आणि बायकोसमोर गुडघ्यावर बसला. "मी नाही बोलावलं तिला. तू ऐकलंस ना, तिचं तीच बोलली."

जैनबबीने डावा हात उचलला. दाराशी पोराला टोपडं घालत असलेल्या त्या तरुण बाईकडे बोट केलं, आणि मग आपल्याच खुर्चीच्या हातावर थाप मारली.

"नाही," सलीमभाई म्हणाला. "जैनब, नाही."

तिने पुन्हा थाप मारली, जोरात. बांगडी फुटली. मग तिने त्याच डाव्या हाताने डोक्यावरचा पदर मागे ओढून टाकला. अक्काचं सोंग तिने स्वतःच उतरवलं होतं. सलीमभाई बराच वेळ तिच्या मांडीवर डोकं टेकून बसला, आणि मग उठून दाराशी त्या तरुण बाईकडे गेला. मी तिच्या हाताचं रक्त पुसत होते. तिने तिकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी दुरुस्त झाली, धुळं बघून झालं, आम्ही घरच्या वाटेला लागलो. सुट्टीत हसायला म्हणून गेलो होतो आणि हसून आलो, तक्रार कुणाकडे करणार? घाट उतरताना श्रीकांतने विचारलं, "जैनबबीच्या जागी तू काय केलं असतंस?"

"मी खुर्ची सोडली नसती," मी म्हटलं.

भरल्या सभेत नवऱ्याची अब्रू काढून घर चालवलं त्या बाईने. आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट सांगायची वेळ आली, तेव्हा तिच्याकडे एक शब्द नव्हता. आणि तिचं म्हणणं तिथे प्रत्येकाला कळलं.