काट्यावरचा फोन

पहिलंच सांगून टाकतो. मी वायरीवर विश्वास ठेवणारा माणूस आहे. वायर असेल तर करंट जाईल, तुटली असेल तर जाणार नाही. आमच्या हिंगणघाटात कुणाच्या अंगात आलं, कुणाला नदीकाठी काही दिसलं, असं कानावर आलं की मी पहिल्यांदा विचारायचो, "लाइट होते का तेव्हा?" बायको म्हणायची, "तुमच्याजवळ कोणी दोन शब्द बोलू नाई." म्हणून ही हकीकत मी आजवर घराबाहेर फारशी सांगितली नाही. पण या सदरात इतरांचे अनुभव वाचत आलोय, आणि मनात एक ओझं आहे... भीतीचं नाही, उपकाराचं. म्हणून लिहितोय.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. त्याआधी मी एका मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात होतो. ती नोकरी सोडून बाजाराच्या रस्त्यावर दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं होतं. रेडिओ, पंखे यायचेच, पण माझा खरा जीव जडला होता ऑफिसातल्या जुन्या टेलिफोनवर. घरगुती एका लाइनचा नाही, बटणांचा. साहेबाच्या टेबलावर असायचा तो... डायलखाली ओळीनं पाच-सहा बटणं, प्रत्येक बटण म्हणजे एक लाइन, आणि बटणावरच्या पारदर्शक टोपीखाली एवढासा बल्ब. गोदामातून फोन आला की गोदामाचं बटण पेटणार आणि बझर वाजणार. कापसातली सरकी काढून गठाणी बांधणाऱ्या जिनिंग-प्रेसिंगवाल्यांनी इंग्रजांच्या काळात हे फोन हौसेनं बसवले होते. पुढे कारखाने बंद पडले, ऑफिसांना कुलपं लागली आणि फोन भंगारात निघाले.

असा फोन हाती आला की आधी ओळख पटवायची. बहुतेकांवरचं नाव घासून गेलेलं असायचं. मग बूड उघडायचं, आतल्या ओतीव लोखंडावर काही अक्षरं आहेत का पाहायचं, वायरींवरच्या सुती वेष्टणाचे रंग जुळवायचे, डायलचा आवाज ऐकायचा. त्यानंतर साफसफाई. फोनचं काळं बेकलाइटचं कवच दंतमंजनानं घासलं की आरशासारखं चमकतं, हे मला माझंच सापडलं होतं. कॉन्टॅक्टवरची काजळी पोस्टकार्डाच्या पट्टीनं काढायची. बोलायच्या बाजूला आत कार्बनचे कण असतात, ते दमट होऊन चिकटतात. उन्हात ठेवून हलकेच टिचक्या मारल्या की मोकळे होतात. मुका झालेला फोन पुन्हा बोलला की मला जेवल्यासारखं वाटायचं.

गावातल्या एका डॉक्टरीणबाईंचं छोटं बाळंतपणाचं हॉस्पिटल होतं. एकदा त्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "वॉर्डातून काही सांगायचं असलं की सिस्टरला जिने चढत पळावं लागतं. नवीन इंटरकॉम बसवायला वेळ लागेल. तुमच्याकडे काही आहे का?"

होता. आर्वीकडच्या एका बंद जिनिंगमधून आणलेला सहा बटणांचा फोन मी नुकताच जिवंत केला होता. फार देखणा, जड, बहुतेक विलायती. त्याचं नाव-गाव मात्र मला शेवटपर्यंत लागलं नाही. त्याच्या टोप्यांखाली जुन्या चिठ्ठ्या होत्या, सुंदर वळणदार अक्षरात... मालक, रोकड, प्रेस, गोदाम, गेट आणि काटा. काटा म्हणजे कापसाच्या गाड्या तोलायचा.

हॉस्पिटलला पाचच लाइनी हव्या होत्या. मी पहिल्या पाच चिठ्ठ्या बदलल्या. सहाव्या बटणाची टोपी घट्ट बसलेली, वरून निघेना. जोर केला तर तडकेल म्हणून 'काटा' तशीच राहू दिली. तिची वायर कापून टोकाला टेप गुंडाळली. आणि मुख्य गोष्ट, तिचा बल्बही खालून काढून घेतला, कारण दुसऱ्या बटणाचा बल्ब उडालेला होता आणि त्या मापाचे बल्ब मिळणं मुश्कील. हे सगळं मी माझ्या हातानं केलं. पुढचं वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

फोन खालच्या टेबलावर बसला, छान चालू लागला. त्या टेबलावर सिंधूताई नावाच्या सिस्टर असायच्या. समुद्रपूरकडच्या, ठणठणीत आवाजाच्या, हाताला फार चांगल्या. त्यांना तो फोन भारी आवडला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "पाहा, आपल्या दवाखान्यात आता सेठजीचा फोन आहे."

त्याच हिवाळ्यात माझी बायको शालू तिथे दाखल झाली. आधीचं एक मूल आम्ही गमावलं होतं, म्हणून या खेपेला सगळेच जीव मुठीत धरून होतो. आणि आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. मुलगी झाली, अगदी मूठभर. रडली तेव्हा मांजराच्या पिलासारखा आवाज आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला ऊब पाहिजे." आजच्यासारख्या काचेच्या पेट्या तेव्हा आमच्याकडे कुठल्या? वर, पॅसेजच्या टोकाला एक लहानशी बंदिस्त खोली होती. तिथे कापसाच्या गादीवर बाळ ठेवलं आणि वर शेडचा बल्ब लावला. माझी आई बाळाजवळ बसून असायची.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी भर दुपारी मी खाली, सिंधूताईंच्या टेबलाशेजारच्या बाकावर बसलो होतो. बाहेर रस्त्यानं कापूस भरलेल्या बैलबंड्या चालल्या होत्या, ऊन खिडकीतून थेट टेबलावर पडलं होतं. सिंधूताई पट्ट्यांच्या घड्या घालत होत्या.

बझर वाजला.

सिंधूताईंनी हात पुढे केला आणि तसाच थांबवला. मीही पाहिलं. शेवटचं बटण पेटलं होतं. सहावं. पिवळसर उजेडात 'काटा' ही अक्षरं स्वच्छ वाचता येत होती.

"हे कोनतं?" त्यांनी विचारलं. "हे तं कधी लागतच नाई."

"ते जोडलेलंच नाही," मी म्हणालो.

त्यांनी बटण दाबून फोन कानाला लावला. "हॅलो... कोन बोलते?" थोडा वेळ ऐकलं आणि फोन माझ्याकडे केला. मी ऐकलं ते सांगतो. बोलणं नव्हतं. पण फोन मेलेलाही नव्हता. मोकळ्या मैदानात कुणीतरी फोन धरून उभं असावं, तसा आवाज... वारा, लांबवर माणसांची कुजबुज, आणि बैलाच्या गळ्यातलं काहीतरी किणकिणल्यासारखं. मला वाटलं, रस्त्यावरचाच आवाज आत येतोय. मी फोन खाली ठेवून सर्किटचा विचार करू लागलो. माझी बुद्धी तिकडेच धावायची.

सिंधूताईंची बुद्धी सरळ होती. त्या पुटपुटल्या, "काटा... काट्यावरून कोन फोन करून राह्यलं?" आणि एकदम उठल्या. "वजनकाट्याची खोली तं वरची आहे, भाऊ. तुमची पोरगी आहे तिथं."

खरंच. बाळांचं वजन करायचा काटा त्याच खोलीत होता. माझ्या ते डोक्यातच आलं नाही.

त्या जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढल्या, मी मागे. पॅसेजमध्ये माझी आई दिसली. शालूला घेरी आली म्हणून तिला सावरायला नुकतीच गेली होती. खोलीत बाळ एकटं होतं. हालचाल नाही, आवाज नाही. ओठ जांभळे पडले होते. दूध उलटून घशात अडकलं होतं.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. सिंधूताईंनी तिला उचलून पालथं केलं, बोटानं तोंड साफ केलं, नळीनं घशातलं दूध ओढून काढलं, पाठीवर थापट्या दिल्या. तोंडानं सारखं चालू, "ये माय, ये... रड, रड, माह्या बाई." मी दाराच्या चौकटीला धरून उभा. मग तो मांजराच्या पिलाचा आवाज आला. बारीक, रागावलेला. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

डॉक्टरीणबाई धावत आल्या, तपासलं आणि म्हणाल्या, "आणखी थोडा उशीर झाला असता तर माझ्याही हातात काही राहिलं नसतं. सिंधू, तुला कसं कळलं?"

सिंधूताई म्हणाल्या, "फोन आलता, बाई."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

संध्याकाळ व्हायच्या आत मी तो फोन उघडला. सहाव्या बटणाखालची बल्बची जागा रिकामी होती. कापलेली वायर तशीच, माझा टेप तसाच. बझरचं एक वेळ मी समजू शकतो, कुठे शॉर्ट झाला तर वाजेल. पण जिथे बल्बच नाही तिथे उजेड कसा पडेल? ऊन चमकलं असेल म्हणून मी फोन त्याच जागी, त्याच उन्हात दुसऱ्या दिवशी ठेवून पाहिला. शेजारचं बटण पेटवून पाहिलं, उजेड त्या टोपीत शिरत नव्हता. एकट्या मला दिसलं असतं तर मी स्वतःलाच खोटं ठरवून मोकळा झालो असतो. पण सिंधूताईंनी ती अक्षरं वाचली होती, आणि वाचली म्हणूनच त्या वर गेल्या.

शालूनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कोनाचे तरी उपकार झाले आपल्यावर. शोधा, अन् त्याले सांगून या."

म्हणून मी आर्वीकडच्या त्या जिनिंगवर गेलो. म्हातारा चौकीदार होता. विचारलं, इथे काट्यावर कोण असायचं? मनात मी धरूनच चाललो होतो की तो म्हणेल, अमुक माणूस होता, काट्यावरच गेला बिचारा. पण तो म्हणाला, "उद्धवराव. जामले लेकीकडे राह्यते आता. मागच्याच महिन्यात भेटून गेला, चांगला खाते-पिते."

माझा सगळा हिशोबच कोलमडला.

मुलीनं बाळसं धरल्यावर आम्ही तिघं एसटीनं जाम गावाला गेलो. उद्धवराव ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. शालूनं बाळ त्यांच्या पायाशी ठेवलं तर ते गडबडून गेले.

"अवं, मले काऊन पाया पडून राह्यली, बाई?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "त्या दिवसांत म्या तं वावरात होतो," ते म्हणाले. "काट्यावर फोन होता खरा. तो मीच उचलत होतो. पन जिनिंग बंद पडल्यापासून म्या कोनाले फोन केला नाई, अन् मले काई जाणवलंबी नाई. खोटं काऊन सांगू?"

"काट्यावरून फोन कशासाठी करायचे तुम्ही?" मी विचारलं.

"दुसरं काय? गाडी आली, मानूस पाठवा. एवढंच."

त्यांनी मुलीला दोन्ही हातांत उचललं, जरा वर-खाली करून अंदाज घेतला, आणि हसले. "भरली," म्हणाले. मग बराच वेळ तिला मांडीवर घेऊन बसले. त्यांच्या लेकीनं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

निघताना ते रस्त्यापर्यंत पोचवायला आले. म्हणाले, "भाऊ, तो कोन होता मले नाई मालूम. पन माह्या जागेवर बसून चांगलं काम करून गेला. भेटला तं त्याले माहाबी रामराम सांगजा."

मुलगी आता शाळेत जाते, बडबडून डोकं खाते. मी अजून वायरीच जोडतो, आणि त्या दुपारी काय झालं याचं उत्तर माझ्याकडे नाही. मोठमोठ्या इंजिनीअरांना विचारलं, त्यांच्याकडेही नाही. उद्धवराव मागल्या वर्षी गेले. त्यांचा रामराम तेवढा माझ्याकडे राहिलाय. कुणाला सांगायचा, ते अजून कळलेलं नाही.