रिसोडच्या तंबूतली मीना

छापलेल्या बातम्या रद्दीत जातात, न छापलेले किस्से मात्र डोक्यात साठत राहतात. परवा एका सभेत कुणी म्हणालं, "मोबाईल आले आणि लेकरं बोलायची थांबली." मला रागच आला. अरे, मोबाईल कशाला, सत्तरच्या दशकात आमच्या रिसोडात एक पांढरा पडदा त्याला पुरला होता!

बाजाराच्या मैदानात टूरिंग टॉकीजचा तंबू असायचा. खाली माती, वर ताडपत्री, सगळीकडे भाजल्या शेंगांचा वास. अजून नाकात आहे तो. आमच्या शेजारचा गौतमभाऊ मागं बसून सिनेमाचं मशीन चालवायचा, त्याची बायको सुशीलावहिनी दारावर तिकिटं फाडायची. त्यांची तीन वर्षांची मीना रोज पडद्यासमोर. रडणं नाही, हट्ट नाही. बोलणंही नाही. 'आई'सुद्धा नाही.

*

एकदा पडद्यावरची बाई रडू लागली. मीना उठली आणि हातातलं बिस्कीट तिला भरवायला गेली. पब्लिक हसलं. बाईनं बिस्कीट घेतलं नाही, म्हणून मीना रुसली.

*

घरी तिला घास जायचा नाही. मग वहिनी दिवा मालवायची आणि गौतमभाऊ ताटावर चमच्यानं मशीनसारखी खडखड करायचा. तेव्हा कुठं पोरगी तोंड उघडायची.

मी म्हटलं, "हे काय चाललंय?"

"जेवून राह्यली ना ते? मंग तुमी कायले बोलून राह्यले?" वहिनी म्हणाली.

*

कारंज्याहून मामा आला. समोर बसून हाका मारू लागला. मीनानं मान वळवून स्वतःच्या मागं पाहिलं.

"काय पाहून राह्यली वं?" मामानं विचारलं.

गौतमभाऊ म्हणाला, "तुया उजेड कुठून येते, थे."

*

शेवटी मी भांडून तिला दवाखान्यात न्यायला लावलं. डॉक्टरांनी कान, जीभ तपासली. सगळं ठीक.

"घरी हिच्याशी बोलतं कोण?"

"पडदा बोलते ना साहेब, रोज," वहिनी म्हणाली.

"आणि हिचं ऐकून घेतो का तो?"



*

मी तावातावानं बातमी लिहिली. संपादकांनी त्या जागी कापसाचे भाव छापले आणि वर निरोप धाडला, "पोरगी बोलत नाही ही बातमी होत नाही." त्यावर आमचं जे वाजलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

*

पावसाळ्यात तंबू उतरला. गौतमभाऊ मशीनला तेल देत घरी बसला. वहिनी चुलीपाशी रोज मीनाला गोष्ट सांगू लागली. मीना नुसती बघायची.

"भिंतीले सांगितल्यासारखं वाटते, भाऊजी," वहिनी मला म्हणाली. डोळे भरलेले.

एके दिवशी मी तिथंच चहा पीत होतो. गोष्टीतला वाघ शेळीच्या दारात आला आणि इकडे तव्यावरची भाकरी करपू लागली. वहिनी गोष्ट अर्धी टाकून भाकरीकडे वळली.

तंबूत रीळ तुटलं की पब्लिक गौतमभाऊवर जसं खेकसायचं, हुबेहूब तसा आवाज मागून आला, फक्त बारीक.

"ए ऑपरेटर! झोपला का बे? चालू कर!"

गौतमभाऊच्या हातातली तेलाची बुधली सुटली. वहिनीनं भाकरी जळू दिली आणि मीनाकडे वळली.

"हो वं माय, सांगतो, सांगतो. तर वाघ म्हणे..."